जनुकोपचारातील खरा प्रश्न विषाणूच्या मात्रेचा आहे

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जनुकोपचारावर आलेला लेख मी लक्षपूर्वक वाचला. सीमाभागातील मराठी दैनिकाने या विषयाला पानभर जागा दिली याबद्दल प्रथम आभार मानते. मात्र लेखाचा सगळा भर दोन गोष्टींवर आहे. एक म्हणजे सदोष जनुक शोधून काढल्याचे कौतुक, आणि दुसरी म्हणजे ‘सोळा कोटींच्या इंजेक्शना’बद्दलचा संताप. या दोहोंच्या मध्ये जी पायरी येते, म्हणजे निरोगी जनुक रुग्णाच्या नेमक्या पेशींत नेऊन पोचवण्याची, तिच्या वाट्याला लेखात एकच वाक्य आले आहे, आणि तेही ‘निरुपद्रवी विषाणूच्या साहाय्याने जनुक शरीरात सोडले जाते’ इतकेच. या उपचाराची किंमत, त्याचे धोके आणि आपल्याकडच्या रुग्णांना तो मिळण्याची शक्यता, या तिन्ही गोष्टी त्या एका वाक्याने झाकल्या गेल्या आहेत असे मला वाटते. बरीच वर्षे सूक्ष्मजीवशास्त्र शिकवण्यात गेल्यामुळे राहवले नाही, म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहे.

जनुक तयार करणे आता अवघड राहिलेले नाही. हव्या त्या क्रमाचा डीएनए कंपन्यांकडून बनवून मिळतो. आमच्याकडचे पदव्युत्तर वर्गाचे विद्यार्थीसुद्धा प्रकल्पासाठी त्याचे छोटे तुकडे मागवतात आणि कुरिअरवाला ते दारात आणून देतो. अडचण सुरू होते ती यानंतर. नुसता डीएनए शिरेतून टोचला तर रक्तातील विकरे त्याचे तुकडे करतात, आणि जो काही उरतो तो ऋणभारित असल्यामुळे पेशीच्या तितक्याच ऋणभारित आवरणातून सहजासहजी आत शिरत नाही. पेशीला चिकटणे, आत शिरणे आणि केंद्रकापर्यंत जाणे हे काम विषाणूंना उत्क्रांतीने शिकवलेले आहे. त्यामुळे विषाणूची स्वतःची संख्या वाढवणारी जनुके काढून टाकायची, त्या जागी औषधी जनुक बसवायचे आणि त्याचे कवच तेवढे वापरायचे, हा मार्ग शास्त्रज्ञांनी धरला. त्याला आता तीन-चार दशके होऊन गेली. १९९० साली अमेरिकेत प्रतिकारशक्तीच्या एका जन्मजात आजाराच्या चार वर्षांच्या मुलीवर या मार्गाने पहिला अधिकृत उपचार झाला.

आपल्या वाचकांना हे तंत्र परके नाही. कोविडच्या काळात आपल्या भागात ज्यांनी ज्यांनी पुण्यात बनलेली कोविशील्ड घेतली, त्या सर्वांच्या दंडात विषाणूच्या कवचातून एक जनुक गेलेले आहे. चिंपांझीत आढळणाऱ्या एका ॲडिनोव्हायरसला वाढता येणार नाही असे करून त्यात करोना विषाणूवरील काट्यासारख्या प्रथिनाचे जनुक बसवलेले होते. एका मात्रेत असे सुमारे पाच हजार कोटी कण असतात. लसीला तेवढे पुरते, कारण दंडाच्या स्नायूतील थोड्याशा पेशींनी काही दिवस ते प्रथिन बनवले की प्रतिकारशक्ती जागी होते आणि काम संपते. आनुवंशिक आजाराचे तसे नाही. तिथे यकृतातल्या, स्नायूंतल्या किंवा मज्जारज्जूतल्या असंख्य पेशींत जनुक शिरले पाहिजे, वर्षानुवर्षे टिकले पाहिजे, आणि प्रतिकारशक्ती जागी होता कामा नये. लसीत जे हवे असते नेमके तेच इथे नको असते.

आता त्या सोळा कोटींच्या औषधाकडे पाहू. स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी या, बाळाचे स्नायू दुबळे करत नेणाऱ्या आनुवंशिक आजारावरील झोलजेन्स्मा हे औषध अमेरिकेत मे २०१९ मध्ये मंजूर झाले आणि तिथे त्याची किंमत २१ लाख २५ हजार डॉलर ठरवण्यात आली. त्यात एएव्ही (ॲडिनो-असोसिएटेड व्हायरस) या विषाणूची एएव्ही ९ ही जात वाहक म्हणून वापरलेली आहे. त्याची मात्रा बाळाच्या दर किलो वजनामागे १,१०,००,००० कोटी कण इतकी आहे. दहा किलोच्या बाळाला जेवढे कण द्यावे लागतात तेवढ्या कणांत, नुसत्या संख्येचा हिशेब केला तर, कोविशील्डच्या बावीस हजार मात्रा होतील. हे सगळे कण जिवंत मानवी पेशींत वाढवायचे, गाळायचे, शुद्ध करायचे, तपासायचे आणि एकाच बाळाला तासाभरात शिरेतून द्यायचे. कंपन्यांच्या नफ्याबद्दल लेखकाने जे लिहिले आहे त्याच्याशी माझे भांडण नाही. पण उद्या नफा शून्यावर आणला तरी एवढे कण बनवण्याचा खर्च उरतोच. मात्रा निम्मी करता आली, दहावा हिस्सा करता आली, तरच तो खर्च हटेल.

इतकी प्रचंड मात्रा का लागते, हे समजण्यासाठी त्या कणाचा प्रवास पाहावा लागेल. एएव्ही हा विषाणू १९६५ मध्ये ॲडिनोव्हायरसच्या नमुन्यांत भेसळीसारखा आढळला. तो स्वतःच्या बळावर वाढू शकत नाही आणि त्याच्यामुळे माणसाला कोणता आजार होतो असे ठामपणे सिद्ध झालेले नाही, म्हणूनच तो सर्वांना पसंत पडला. त्याचे कवच साठ प्रथिनांचे असून व्यास सुमारे २५ नॅनोमीटर असतो. शिरेतून दिलेल्या कणांपैकी मोठा भाग यकृतच ओढून घेते, मग आजार पायाच्या स्नायूचा असो वा मेंदूचा. उरलेले कण योग्य पेशीपाशी पोचले तरी त्यांना आधी पृष्ठभागावरच्या शर्करेच्या साखळ्यांना आणि मग एका विशिष्ट ग्राहक प्रथिनाला (रिसेप्टरला) धरावे लागते. हे ग्राहक प्रथिन २०१६ मध्ये ओळखले गेले, म्हणजे विषाणू वापरात आल्यानंतर कितीतरी वर्षांनी. पेशी त्या कणाला एका पिशवीत गुंडाळून आत घेते. पिशवीतील आम्लता वाढत जाते तसे कवचाचे आतले टोक बाहेर येऊन पिशवीचे आवरण फोडते आणि कण सुटतो. सुटला तर सुटला. नाही तर पचून जातो. सुटलेल्या कणांवरही पेशी खुणेची प्रथिने चिकटवते आणि खूण झालेला माल कचरा कुटणाऱ्या यंत्रणेकडे जातो. यातूनही जो वाचतो तो केंद्रकात शिरतो, कवच उतरवतो, आणि त्याच्यातील एकेरी डीएनएची दुसरी बाजू पेशीने विणून दिली तरच जनुक कामाला लागते. प्रत्येक टप्प्यावर अशी गळती असल्यामुळे आरंभी अतोनात कण ओतावे लागतात.

ही गळती थांबवणे म्हणजेच जनुक पोचवण्याची पद्धत सुधारणे. त्यातील एक उदाहरण मला विशेष आवडते, कारण त्यात बदल अगदी क्षुल्लक आणि परिणाम मोठा आहे. फ्लोरिडा विद्यापीठातील अरुण श्रीवास्तव आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आले, की कवचाच्या पृष्ठभागावर टायरोसिन हे जे अमिनो आम्ल आहे त्याच्यावर पेशी फॉस्फेटचा गट चढवते आणि तिथूनच कचऱ्याच्या खुणेची सुरुवात होते. त्यांनी टायरोसिनच्या जागी फिनाइलॲलॅनिन बसवले. या दोहोंत फरक एका ऑक्सिजन अणूचा. कवचाचा आकार तोच राहिला, पण फॉस्फेट चढवायला जागाच उरली नाही, आणि २००८ मध्ये त्यांनी दाखवून दिले की उंदराच्या यकृतात तोच परिणाम कितीतरी कमी मात्रेत साधतो. पेशीच्या कोणत्या यंत्रणेमुळे माल वाया जातो हे आधी कळले आणि मग तेवढीच जागा बदलली, असे हे काम आहे.

दुसरी पद्धत उलट दिशेची आहे. कवचात आंधळेपणाने लाखो बदल करायचे, ते सगळे प्राण्याला टोचायचे, हव्या त्या अवयवात जे पोचले तेवढे निवडायचे आणि त्यांच्यावर पुन्हा तोच प्रयोग करायचा. कॅलिफोर्नियातील कॅलटेक संस्थेत २०१६ मध्ये असे एक कवच मिळाले, जे शिरेतून देऊनही उंदराच्या मेंदूत एएव्ही ९ पेक्षा किमान चाळीस पट अधिक प्रमाणात पोचत होते. रक्त आणि मेंदू यांच्यातील अडसर ओलांडणे ही मोठीच गोष्ट असल्याने जगभर तिची वाहवा झाली. पुढे असे आढळले, की उंदरांच्या एका जातीत ते चालते आणि दुसऱ्या जातीत चालत नाही, माकडांतही नाही. कारण ते कवच ज्या प्रथिनाला धरून अडसर ओलांडत होते ते प्रथिन काही उंदरांतच त्या रूपात असते आणि माणसात नसतेच. आता माणसाच्या ट्रान्सफेरिन ग्राहकाला, म्हणजे लोह आत घेणाऱ्या प्रथिनाला, धरतील अशी कवचे मुद्दाम शोधली जात आहेत आणि २०२४ मध्ये तशी एक रचना प्रसिद्धही झाली. वर्तमानपत्रांत ‘शास्त्रज्ञांना यश’ अशा मथळ्याखाली येणाऱ्या बातम्यांत प्रयोग उंदरावर झाला की माकडावर की माणसावर, हे पहिल्याच परिच्छेदात असावे अशी विनंती मी या निमित्ताने करते. ते शेवटच्या ओळीत असते किंवा नसतेच.

तिसरी सुधारणा कारखान्यातली आहे, आणि तिच्याबद्दल कोणी फारसे बोलत नाही. पेशींत एएव्ही बनवताना बरीच कवचे रिकामी बाहेर पडतात, त्यांच्यात जनुक नसतेच. रुग्णाच्या शरीराला मात्र भरलेले काय आणि रिकामे काय, दोन्ही परकेच. त्यामुळे उपयोग शून्य असला तरी प्रतिकारशक्ती त्यांच्यावरही उठते. बाहेरून दोन्ही सारखी दिसतात. चिकोडी-निपाणीकडच्या साखर कारखान्याच्या काट्यावर उसाची भरलेली गाडी आणि रिकामी गाडी जशी वजनावरून कळते, तशी ही कवचे अतिवेगवान सेंट्रिफ्यूजमध्ये घनतेवरून वेगळी करतात. प्रयोगशाळेतल्या नळीत हे सहज जमते, शेकडो लिटरच्या टाक्यांत जमत नाही, म्हणून मोठ्या प्रमाणावर विद्युतभाराच्या फरकावर चालणारे स्तंभ वापरावे लागतात. रिकामी कवचे कमी केली तर जनुकांची मात्रा तीच ठेवूनही शरीरावर येणारा प्रथिनांचा बोजा उतरतो. यात नोबेल मिळण्यासारखे काही नाही. पण रुग्णाच्या यकृताला याचा फायदा मिळतो.

यकृताचा उल्लेख मी सहज केलेला नाही, आणि लेखातील ‘निरुपद्रवी’ या शब्दाला माझा आक्षेप आहे तो यासाठीच. सप्टेंबर १९९९ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील चाचणीत जेसी गेलसिंगर या अठरा वर्षांच्या तरुणाच्या यकृतात ॲडिनोव्हायरसमधून जनुक दिले गेले आणि प्रतिकारशक्तीच्या भडक्याने चार दिवसांत त्याचा मृत्यू झाला. त्यानंतर पॅरिस आणि लंडन येथे प्रतिकारशक्तीच्या जन्मजात अभावावर वीस मुलांवर रेट्रोव्हायरसच्या साहाय्याने उपचार झाले. बहुतेकांना गुण आला, पण पाच जणांना रक्ताचा कर्करोग झाला आणि त्यांपैकी एक दगावला. विषाणूने आपले जनुक गुणसूत्रात नको त्या जागी, कर्करोगाशी संबंध असलेल्या जनुकाच्या शेजारी, जाऊन बसवले होते. अलीकडे, २०२० आणि २०२१ मध्ये, स्नायूंच्या एका दुर्मीळ आजाराच्या चाचणीत एएव्हीची फार मोठी मात्रा दिलेली चार मुले दगावली, आणि २०२५ मध्ये ड्युशेन स्नायुक्षयावरील औषध दिलेल्या दोन रुग्णांचा यकृत निकामी होऊन मृत्यू झाला. या शेवटच्या दोन्ही प्रसंगांत विषाणू तसा गरीब होता. घात झाला तो त्याच्या संख्येने. उलट डोळ्यातील दृष्टिपटलाखाली दिल्या जाणाऱ्या लक्स्टर्ना या औषधाची मात्रा एका डोळ्याला १५ हजार कोटी कण इतकीच असते, कारण विषाणू थेट जागेवर नेऊन ठेवलेला असतो. २०१७ पासून ते वापरात आहे आणि असा गहजब त्याबाबत झालेला नाही.

आपल्या देशातील कामाकडे लेखात दुर्लक्ष झाले आहे, ते खटकले. मुंबईची आयआयटी आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून विकसित केलेली नेक्सकार १९ ही रक्ताच्या कर्करोगावरील उपचारपद्धती २०२३ मध्ये मंजूर झाली. तिच्यात रुग्णाच्याच पांढऱ्या पेशींत लेंटिव्हायरसच्या, म्हणजे एचआयव्हीच्या कुळातील निकामी केलेल्या विषाणूच्या, साहाय्याने जनुक घातले जाते आणि तिचा खर्च परदेशी उपचाराच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास सांगितला जातो. कानपूरच्या आयआयटीने आनुवंशिक नेत्रविकारांसाठीचे जनुकोपचाराचे तंत्रज्ञान २०२२ मध्ये रिलायन्स लाइफ सायन्सेसला दिले. पण माझ्या मुद्द्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे काम वेल्लोरचे आहे.

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. आलोक श्रीवास्तव यांच्या नेतृत्वाखाली तीव्र हिमोफिलिया ए (रक्त नीट न गोठण्याचा आनुवंशिक आजार) असलेल्या पाच पुरुषांवर जनुकोपचार झाला आणि त्याचे निष्कर्ष डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्णाच्या रक्तातील मूळपेशी बाहेर काढून त्यांत लेंटिव्हायरसद्वारे फॅक्टर ८ या रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचे जनुक घालायचे आणि पेशी परत द्यायच्या, अशी ती पद्धत. पहिल्या दोघांच्या पेशींत विषाणू नेहमीच्या रीतीने मिसळला. पुढच्या तिघांच्या वेळी विषाणूला पेशीत शिरणे सोपे करणारे साहाय्यक द्रव्य त्यासोबत घातले. पहिल्या दोघांच्या रक्तात फॅक्टर ८ चे प्रमाण निरोगी माणसाच्या मानाने ५.२ आणि १.७ टक्के राहिले. पुढच्या तिघांत ते ३७.१, १९.३ आणि ३९.९ टक्के होते. जनुक तेच, विषाणू तोच, रुग्णालय तेच. बदलला तो फक्त विषाणूच्या प्रवेशाचा मार्ग. पाहणीच्या काळात पाचही जणांना एकदाही रक्तस्राव झाला नाही हे खरे, आणि पाच जणांवरून ठाम निष्कर्ष काढू नये हेही खरे; पण जनुक पोचवण्याच्या पद्धतीत केलेल्या एका सुधारणेने किती फरक पडू शकतो याचे इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे सापडत नाही.

हिमोफिलियाचा एक विद्यार्थी काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात होता. गुडघ्यात रक्त उतरले की तो प्रात्यक्षिकाला पाय दुसऱ्या स्टुलावर लांब करून, रुमालात गुंडाळलेला बर्फ गुडघ्यावर धरून बसायचा, आणि सूक्ष्मदर्शक त्याच्याकडे सरकवून द्यावा लागे. फॅक्टरची कुपी आणायला वडील सकाळच्या गाडीने बर्फाचा डबा घेऊन जात. एकदा एका रुग्णालयातून साठा संपला म्हणून रिकाम्या डब्याने परत आले होते. वेल्लोरची बातमी वाचून त्याचा फोन आला. “मॅडम, पेशी बाहेर काढायच्या, विषाणू मिसळायचा आणि परत घालायच्या, एवढंच असेल तर फक्त पाचच जणांना का?” मी त्याला सांगितले की पेशी परत घालण्यापूर्वी केमोथेरपीने अस्थिमज्जेत जागा मोकळी करावी लागते, आणि तो भाग साधा नाही. तो म्हणाला, “मग केमो न करता होईल असं करा की.” हसण्यावारी नेण्यासारखे ते बोलणे नव्हते. विषाणू बाहेर न मिसळता थेट शरीरात देऊन नेमक्या मूळपेशींतच शिरवायचा, यावर खरोखरच काम सुरू आहे.

आता आपल्या भागाविषयी. एएव्हीचे नैसर्गिक रूप माणसांत सर्रास फिरते. लहानपणी केव्हातरी नकळत संसर्ग होऊन जातो आणि रक्तात प्रतिपिंडे तयार राहतात. अशा व्यक्तीला पुढे त्याच जातीच्या एएव्हीमधून औषध दिले तर ती प्रतिपिंडे कणांना पेशीपर्यंत पोचण्याआधीच निष्प्रभ करतात, म्हणून बहुतेक चाचण्यांत असे रुग्ण सुरुवातीलाच गाळले जातात. शिवाय एकदा औषध घेतले की प्रतिपिंडे इतकी वाढतात की तोच विषाणू पुन्हा देता येत नाही. एकच संधी मिळते. प्रतिपिंडे तात्पुरती तोडणारे विकर देऊन ही अडचण ओलांडण्याचे प्रयोग माकडांत यशस्वी झाले आहेत. प्रतिपिंडांचे प्रमाण प्रदेशागणिक आणि विषाणूच्या जातीगणिक बदलते. म्हणजे अमेरिकेत निवडलेले कवच बेळगावच्या रुग्णाला चालेल की नाही, हे बेळगावच्या रक्तात पाहूनच ठरवावे लागेल.

ही तपासणी अवाक्याबाहेरची नाही. रुग्णाचे सीरम (रक्त गोठल्यावर वर राहणारा द्रव) प्रकाश देणारे जनुक वाहणाऱ्या एएव्हीत मिसळतात, थोडा वेळ ठेवून ते मिश्रण ताटलीत वाढवलेल्या पेशींवर ओततात आणि दोन दिवसांनी प्रकाश मोजतात. सीरममध्ये प्रतिपिंडे असतील तर विषाणू आत जात नाही आणि प्रकाश मंद पडतो. यासाठी पेशी वाढवण्याची सोय, जैवसुरक्षेचे कपाट आणि प्रकाश मोजणारे यंत्र लागते. आयसीएमआरची राष्ट्रीय पारंपरिक वैद्यक संस्था बेळगावातच आहे, शहरात वैद्यकीय महाविद्यालये आहेत, आणि ज्या टिळकवाडीत आज लोक व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत सकाळी फिरायला जातात तिथे एकेकाळी देवीची लस तयार होत असे. त्या काळी ही लस वासरांच्या कातडीवर विषाणू वाढवून बनवली जाई. देवीच्या लसीचा तो व्हॅक्सिनिया विषाणूही पुढे जनुकाचा वाहक झाला. त्यात रेबीजच्या विषाणूचे एक जनुक घालून बनवलेली लस युरोप-अमेरिकेत रानातल्या कोल्ह्यांना खाद्यातून घातली गेली आहे. विषाणू हाताळण्याची परंपरा या गावाला नवी नाही, एवढेच मला सुचवायचे आहे.

सीमाभागाची एक अडचण मात्र वेगळी आहे. आपल्याकडचा रुग्ण खानापूरचा असेल तर बेळगाव-हुबळीला जातो, निपाणीचा असेल तर कोल्हापूर-मिरजेला, आणि आजार दुर्मीळ असेल तर बंगळूरला जावे की मुंबईला, यावर घरात आठवडाभर खल होतो. दुर्मीळ आजारांच्या २०२१ च्या राष्ट्रीय धोरणानुसार दोन्ही शहरांत मान्यताप्राप्त केंद्रे आहेत आणि मदतीची मर्यादा आता ५० लाख रुपये आहे. सोळा कोटींपुढे ती किती पुरणार हे सांगायला नको. परंतु चाचण्यांसाठी रुग्ण निवडले जातील तेव्हा एका बाजूची नोंद दुसऱ्या बाजूला दिसणार नसेल, तर आपले रुग्ण दोन्हीकडून सुटतील. त्यातच जवळच्या नात्यातील लग्ने आपल्याकडे अजून होतात; मामाच्या मुलीशी, आणि कन्नड भागात बहिणीच्या मुलीशीही. त्यामुळे दोन्ही पालकांकडून सदोष जनुक आल्यावरच दिसणारे आजार अशा घरांत अधिक संभवतात. जन्मजात बहिरेपणाचा एक प्रकार त्यांपैकी आहे. त्याचे जनुक डीएनएच्या सुमारे ६,००० अक्षरांचे, तर एएव्हीत मावतात जेमतेम ४,७००. शांघायच्या डॉक्टरांनी ते जनुक दोन तुकड्यांत, दोन वेगळ्या विषाणूंतून कानात दिले, पेशीत ते जोडले गेले, आणि २०२४ च्या आरंभी प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत सहापैकी पाच मुलांना ऐकू येऊ लागल्याची नोंद आहे. कानात मात्रा लागते थोडी आणि ती जागच्या जागी राहते. आपल्याकडे पुढे उपचार येतील ते आधी अशाच लहान, बंदिस्त अवयवांसाठी येतील असा माझा कयास आहे. डोळा आणि कान आधी, स्नायू बरेच नंतर.

म्हणून माझी सूचना मर्यादित आहे. बेळगाव, कोल्हापूर आणि मिरज येथील रक्तपेढ्यांनी एकत्र येऊन, रक्तदात्यांची लेखी संमती आणि नीतिविषयक समितीची परवानगी घेऊन, एएव्हीच्या वापरातील प्रमुख जातींविरुद्धच्या प्रतिपिंडांची पाहणी करावी. रक्तदानाच्या वेळी कावीळ, एचआयव्ही वगैरेंच्या तपासणीसाठी जी नळी वेगळी भरली जाते, तिच्यात तपासणीनंतर थोडे सीरम उरतेच, आणि या पाहणीला तेवढे पुरते. दात्याला वेगळी सुई टोचावी लागत नाही. लहान मुलांचे नमुने स्वतंत्र हवेत, कारण हे उपचार बहुतांशी त्यांच्यासाठी आहेत आणि आईकडून आलेली प्रतिपिंडे ओसरल्यावर नवा संसर्ग होण्यापूर्वीचा काळ कोणत्या वयात येतो, हे त्यावरूनच कळेल. या कामाला सोळा कोटी लागत नाहीत. आपल्या दैनिकाने दोन्ही बाजूंच्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या अधिष्ठात्यांना याविषयी विचारून त्यांची उत्तरे छापावीत, अशी विनंती आहे.

कळावे,

आपली विश्वासू,
सूक्ष्मजीवशास्त्राची एक निवृत्त प्राध्यापिका
टिळकवाडी, बेळगाव